कातडीवरचे डाग आणि आरएनएवरच्या खुणा

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



या वर्षी आरोग्यावर एक व्याख्यान व्हावे आणि ते आम्ही द्यावे, असे संस्थेच्या कार्यकारिणीने सुचविले. आम्ही विषय निवडला तो त्वचारोगांचा, आणि त्यातही त्वचारोगांच्या मुळाशी असलेल्या एका अगदी बारीक रसायनाचा. विषयाचे नाव ऐकून काहींना तो फार वरच्या वर्गाचा वाटला असेल. परंतु २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हापासून आरएनए हा शब्द वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचला आहे. ज्या समाजाने लसीसाठी रांगेत उभे राहताना हा शब्द ऐकला, त्या समाजाला त्याचा अर्थही कळला पाहिजे, असे आम्हांस वाटते. विद्यार्थ्यांनी शास्त्राचा भाग नीट ऐकावा आणि घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा, ही विनंती.

पोटाचा विकार पोटात राहतो, छातीचा छातीत राहतो. कातडीवरचा डाग मात्र घरच्यांच्या आधी शेजाऱ्याला दिसतो. म्हणून त्वचारोगाचा माणूस दोन दुखणी सोसतो. एक अंगावरचे आणि दुसरे लोकांच्या नजरेतले. एखाद्याच्या अंगावर चट्टे उठले की आपल्या वस्त्यांमध्ये तीन प्रश्न विचारले जातात. पहिला, हे लागते का? दुसरा, हे घराण्यात आहे का? आणि तिसरा, उघड न बोलता मनात धरलेला, हे कोणत्या पापाचे फळ? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या माणसाचे ताट वेगळे होते, त्याची नोकरी अडते आणि घरातल्या मुलींची लग्ने मोडतात. आज आपण हेच तीन प्रश्न विज्ञानापुढे ठेवू.

हे लागते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येत नाही. रोगानुसार द्यावे लागते. नायटा बुरशीमुळे होतो आणि तो लागतो. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते आणि तीही लागते. म्हणून घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावायचे असते. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. हा जंतू नॉर्वेतील डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचविलेल्या बहुविध औषधोपचारामुळे हा रोग पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका लवकरच संपतो, आणि सरकारी दवाखान्यात हे औषध मोफत मिळते.

परंतु कोड, सोरायसिस आणि लहान मुलांना होणारे वंशपरंपरेच्या कलाचे इसब हे रोग लागत नाहीत. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, एकमेकांना स्पर्श केल्याने किंवा लग्नाने ते दुसऱ्याला होत नाहीत. हे वाक्य विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावे. कारण आपल्याकडे पांढरा डाग दिसला की लोक कोड आणि कुष्ठरोग यांत फरक करीत नाहीत, आणि दोन्ही रुग्णांवर सारखाच अन्याय करतात.

मग पुढचा प्रश्न येतो. बाहेरून जंतू आलेला नाही, बुरशी नाही, किडा नाही, तर या रोगांत बिघडते तरी काय? याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना पेशीच्या आत जावे लागले, आणि तेथे त्यांना आरएनएवरच्या रासायनिक खुणा सापडल्या.

आरएनए म्हणजे काय आणि त्यावरच्या खुणा कोणत्या?

आपल्या शरीराची सारी माहिती पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये साठवलेली असते. डीएनए हा मोठा ग्रंथ आहे असे समजा. ग्रंथालयातून हा ग्रंथ बाहेर नेता येत नाही. ज्या पानाची गरज असेल त्या पानाची नक्कल करून ती बाहेर पाठविली जाते. ही नक्कल म्हणजे आरएनए. तिच्यावरून पेशी प्रथिने तयार करते. कातडीच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत ग्रंथ तोच असतो. फरक पडतो तो कोणत्या पानांच्या नकला काढल्या, किती काढल्या आणि त्या किती काळ टिकल्या यामुळे.

आरएनएची लिपी चार अक्षरांची आहे. ए, यू, जी आणि सी अशी त्यांची नावे. बराच काळ असे समजले जाई की या चार अक्षरांपलीकडे आरएनएत विशेष काही नाही. १९५१ साली संशोधकांना आरएनएमध्ये पाचवे अक्षर म्हणता येईल असा एक बदललेला घटक सापडला. त्याला पुढे स्यूडोयुरिडिन असे नाव मिळाले. नक्कल तयार झाल्यानंतर पेशीतील विकर तिच्यातील काही अक्षरांना रासायनिक गट जोडतात किंवा अक्षराची रचना फिरवतात. अशा बदलांचे १७० हून अधिक प्रकार आज ठाऊक आहेत.

आपल्या देवनागरीचे उदाहरण घ्या. 'रग' हा शब्द लिहा आणि पहिल्या अक्षरावर अनुस्वार द्या, 'रंग' होतो. अक्षरे तीच राहिली, पण एका टिंबाने अर्थ पालटला. आरएनएवरच्या खुणांचे काम बरेचसे असेच आहे. कोणती नक्कल लवकर वाचायची, कोणती फाडून टाकायची, कोणती जपून ठेवायची हे या टिंबांवरून ठरते.

यांपैकी संदेशवाहक आरएनएवर सर्वांत जास्त आढळणारी अंतर्गत खूण म्हणजे ए या अक्षराला जोडलेला मिथाइल गट. आपण तिला मिथाइल खूण म्हणू. ती १९७४ साली सापडली. पण ती पुसता येते हे ठाऊक नसल्यामुळे पुढे पस्तीसेक वर्षे तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०११ साली शिकागो विद्यापीठातील चुआन हे यांच्या गटाने दाखवून दिले की एफटीओ नावाचा विकर ही खूण पुसतो. लिहिलेले पुसता येत असेल तर ते परत लिहिताही येते, म्हणजे पेशी या खुणांचा उपयोग जाणूनबुजून, वेळ पाहून करते, हे लक्षात आले. आता शास्त्रज्ञ या यंत्रणेचे तीन भाग मानतात. खूण लिहिणारे विकर, खूण पुसणारे विकर आणि खूण वाचणारी प्रथिने. लिहिणाऱ्यांत मेटल-थ्री हा प्रमुख आहे.

कातडीसाठी या खुणा किती महत्त्वाच्या आहेत हे २०२० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. उंदराच्या गर्भाच्या कातडीतून त्यांनी मेटल-थ्री काढून टाकला. तेव्हा केसांची मुळे तयार होण्याचे काम फार बिघडले. डीएनएचा बाकी ग्रंथ जागच्या जागी होता. नकलेवरची टिंबे तेवढी नाहीशी झाली होती.

हे घराण्यात आहे का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी आपल्याला जपानमध्ये जावे लागेल, कारण आरएनएवरची खूण चुकल्याने थेट कातडीचा विकार होतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तेथे अभ्यासले गेले.

जपान आणि चीनमध्ये मुख्यतः आढळणारा एक आनुवंशिक विकार आहे. त्यात हातांच्या आणि पायांच्या पाठीवर काळसर आणि फिकट असे बारीक ठिपके शेजारी शेजारी उठतात. चेहऱ्यावरही तिळासारखे बारीक डाग दिसतात. हे बहुधा लहानपणीच सुरू होते, वयात येईपर्यंत पसरायचे थांबते आणि जन्मभर राहते. भारतातही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. सामान्यतः या डागांपासून शरीराला दुसरा त्रास होत नाही. २००३ साली नागोया येथील संशोधकांनी या विकाराचे जनुक शोधले. ते एडार-वन नावाच्या विकराचे निघाले.

हा एडार-वन काय करतो? तो आरएनएतील ए या अक्षराचे रासायनिक रूप बदलतो. बदललेल्या रूपाला इनोसिन म्हणतात, आणि पेशी ते जी असल्यासारखे वाचते. हा बदल मुख्यतः दुपदरी आरएनएवर होतो. येथे आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पुष्कळ विषाणू पेशीत शिरले की दुपदरी आरएनए तयार होतो. म्हणून आपल्या पेशीत पहारेकरी प्रथिने असतात. दुपदरी आरएनए दिसला की ती शत्रू आला म्हणून आरोळी ठोकतात. पण आपला स्वतःचा आरएनएही काही ठिकाणी दुमडून दुपदरी होतो. मग पहारेकऱ्याने घरचा आणि परका ओळखायचा कसा? एडार-वन घरच्या आरएनएत बदल करून ठेवतो. त्यामुळे दोन पदरांचा जोड ढिला पडतो आणि पहारेकरी गप्प राहतो.

हे काम किती महत्त्वाचे आहे ते उंदरांवरील प्रयोगात दिसले. ज्या उंदरांत एडार-वनची हा बदल करण्याची शक्ती नाहीशी केली, ते गर्भातच मेले. पण त्यांच्यातील पहारेकरी प्रथिनही काढून टाकले तेव्हा ते जगले. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ, ते उंदीर बाहेरच्या कोणत्याही रोगाने मरत नव्हते. स्वतःचेच आरएनए परके समजून शरीर स्वतःवर उठत होते.

माणसामध्ये या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत सदोष असेल तर वर सांगितलेले ठिपके येतात. बहुधा दोन्ही प्रती सदोष असल्या तर मुलांना मेंदूचा गंभीर विकार होतो, हे २०१२ साली समजले. त्या विकाराच्या काही मुलांच्या हातापायांची बोटे आणि कान थंडीने सुजल्यासारखे लाल-निळे होतात. ठिपक्यांच्या विकारात आईबापांपैकी एकाला दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की हे खरोखर घराण्यात आहे. पण घराण्यात आहे म्हणजे घराणे वाईट आहे असे नव्हे. एका विकराच्या जनुकात फरक आहे, एवढेच. डोळ्यांचा रंग घराण्यात चालतो म्हणून आपण कोणाचे लग्न मोडत नाही.

स्यूडोयुरिडिन बनविणाऱ्या विकराचेही असेच आहे. डिस्केरिन या प्रथिनाचे जनुक १९९८ साली एका दुर्मीळ आनुवंशिक रोगातून सापडले. या रोगात मानेवर आणि छातीवर जाळीसारखे काळसर डाग पडतात, नखे झिजतात, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि पुढे अस्थिमज्जा निकामी होऊ लागते. डिस्केरिनचे दुसरेही एक काम आहे, गुणसूत्रांची टोके राखणाऱ्या यंत्रणेला आधार देण्याचे. रोगाचा मोठा भाग त्या कामातील बिघाडातून येतो. तेव्हा विद्यार्थ्यांनी हेही लक्षात ठेवावे की एका प्रथिनाकडे अनेक कामे असतात, आणि कारण शोधताना घाई करू नये.

सोरायसिस आणि लस

आता आपल्या वस्तीत खरोखर दिसणाऱ्या सोरायसिसकडे येऊ. निरोगी कातडीची पेशी तळापासून पृष्ठभागापर्यंत येऊन झडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत होते. म्हणून लाल चट्ट्यांवर चंदेरी खपल्या साचतात. कोपर, गुडघे आणि डोके ही त्याची नेहमीची ठिकाणे.

हा रोग शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या चुकीमुळे होतो. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेला आरएनए एरवी लगेच नष्ट होतो. सोरायसिसच्या कातडीत मात्र एलएल-३७ नावाचे प्रथिन फार वाढलेले असते. ते या आरएनएला चिकटते, त्याला नष्ट होऊ देत नाही आणि संरक्षक पेशींच्या आत पोहोचवते. तेथील पहारेकरी तो आरएनए परका समजून लढाई सुरू करतात. हे २००९ साली सिद्ध झाले. अलीकडे सोरायसिसच्या चट्ट्यांत मिथाइल खुणांचे प्रमाण आणि जागा बदललेल्या आढळल्या आहेत. हा बदल रोगाचे कारण आहे की परिणाम, याचा अभ्यास चालू आहे.

घरचा आणि परका ओळखण्यात खुणांचा वाटा किती मोठा आहे, ते कॅतालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ साली अमेरिकेत दाखविले. प्रयोगशाळेत तयार केलेला साधा आरएनए टोचला की शरीर भडकत असे. पण पेशीतील काही आरएनए, ज्यांच्यावर खुणा दाट असतात, ते तसे भडकवीत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी यू या अक्षराच्या जागी स्यूडोयुरिडिन वापरले, आणि शरीराचा विरोध फार कमी झाला. त्या वेळी या शोधाची फारशी दखल कोणी घेतली नाही. पंधरा वर्षांनी कोरोनाच्या आरएनए लसी याच तत्त्वावर तयार झाल्या, आणि २०२३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. कारिको हंगेरीतील एका खाटकाची कन्या. आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

पाण्यातले विष

मित्रहो, आतापर्यंत आपण जन्मतः आलेल्या आणि शरीरात घडणाऱ्या चुका पाहिल्या. पण खुणांचा बिघाड बाहेरूनही लादला जातो. याचे उदाहरण आपल्या देशातच आहे.

पश्चिम बंगाल आणि बांगलादेश येथे ओढ्या-तळ्यांच्या दूषित पाण्यापासून लोकांना वाचविण्यासाठी हजारो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी स्वच्छ दिसत होते, चवही चांगली होती. पण जमिनीच्या थरांतील आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे विष, त्यात उतरत होते. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतले रुग्ण येऊ लागले. त्यांच्या अंगावर काळ्या पार्श्वभूमीवर पावसाच्या थेंबांसारखे पांढरे ठिपके होते आणि तळहात-तळपाय कडक झाले होते. हा पाण्याचा रोग आहे हे त्यांनी ओळखले. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्यावर कातडीचा आणि आतल्या अवयवांचाही कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमधील अंबागड चौकी भागातही पाण्यात आर्सेनिक आढळले आहे. हे विष पाणी उकळून जात नाही.

हे विष कॅन्सर कसा करते, याचा एक दुवा २०२१ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी शोधला. मिथाइल खूण पुसणारा एफटीओ हा विकर गरजेपेक्षा जास्त साठू नये म्हणून पेशी त्याचा निचरा करीत असते. थोड्या प्रमाणातील आर्सेनिकही हा निचरा अडविते. मग एफटीओ साठतो, आरएनएवरच्या खुणा प्रमाणाबाहेर पुसल्या जातात आणि कातडीच्या पेशी कॅन्सरच्या वाटेला लागतात. मानवी कातडीच्या पेशींवर आणि उंदरांवर हे दाखविले गेले. मेलॅनोमा या कातडीच्या घातक कॅन्सरमध्येही एफटीओ वाढलेला असतो, हे २०१९ साली दिसून आले होते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो पाण्याला हात लावण्याच्या हक्काचा लढा होता. त्या हक्काचे पुढचे पाऊल म्हणजे पाणी निर्विष असण्याचा हक्क. कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी कधी झाली, हे ग्रामसभेत विचारणे हेही महाडच्या वाटेवर चालणेच आहे, असे आमचे नम्र मत आहे.

हे कोणत्या पापाचे फळ?

आता तिसरा प्रश्न. याचे उत्तर आपल्या धम्मात फार पूर्वी दिलेले आहे. संयुक्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाशी भगवान बुद्धांचा संवाद आहे. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. त्यावर आपले मत काय, असे तो विचारतो. बुद्ध पित्त, कफ, वात, या तिघांचा मेळ, ऋतूंचा बदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात अशी अनेक कारणे मोजून दाखवितात, कर्म हे आठवे म्हणून सांगतात, आणि सारे काही पूर्वकर्मामुळे म्हणणारे सत्याच्या पलीकडे जातात असे स्पष्ट करतात. अडीच हजार वर्षांपूर्वी आरएनए कोणाला ठाऊक नव्हता. पण दुखण्याला कारण असते आणि ते शोधायचे असते, ही दृष्टी तेथे होती.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याची कथा घेतली आहे. राजगृहात गर्दी दिसली म्हणून अन्न मिळेल या आशेने तो गेला. तेथे बुद्ध उपदेश करीत होते. त्या सभेत धम्म समजण्याची पात्रता त्यांना या रोग्यातच दिसली आणि त्यांनी त्याला धम्म सांगितला. पाली ग्रंथात या कथेला पुढे पूर्वजन्मीच्या कृत्याचे स्पष्टीकरण जोडलेले आहे. बाबासाहेबांनी ते घेतले नाही. आमच्या मते हा मोठा विचारपूर्वक केलेला निर्णय होता. ज्या समाजाला गतजन्मीच्या पापाचे फळ म्हणून शतकानुशतके अस्पृश्य ठेवले गेले, त्या समाजाने आपल्यातील रोग्याला तीच भाषा ऐकवावी काय?

विनयपिटकातील एक नियमही येथे सांगितला पाहिजे, कारण त्याचा चुकीचा अर्थ लावला जातो. मगधात पाच रोगांची साथ होती, त्यांत कुष्ठ, गंड आणि किलास हे तीन कातडीचे. वैद्य जीवक राजाचे आणि संघाचे उपचार करीत असे. उपचार मिळावेत एवढ्यासाठी रोगी प्रव्रज्या घेऊ लागले आणि बरे होताच चीवर टाकून जाऊ लागले. म्हणून जीवकाच्या विनंतीवरून या रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. तो व्यवस्थेचा नियम होता, अपवित्रतेचा नव्हे. सर्वांगाला फोड आलेल्या आणि सोबत्यांनी टाकलेल्या तिस्स भिक्खूला बुद्धांनी पाणी तापवून स्वतः आंघोळ घातली, ही कथा आपण जाणताच.

आपण काय करावे?

प्रथम, चट्टा लपवू नका. बधिर चट्टा असेल तर लगेच दाखवा, कारण तो कुष्ठरोगाचा असू शकतो आणि लवकर उपचाराने अपंगत्व टळते. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग असतो.

दुसरे, दुकानदाराला विचारून मलम लावू नका. नायट्यावर स्टेरॉइडचे मलम लावले की खाज थांबते, पण बुरशी फोफावते. चेहऱ्यावर गोरेपणासाठी लावले तर कातडी पातळ पडते. सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती सर्रास मिळतात. नियम आपण स्वतः पाळला पाहिजे.

तिसरे, आरएनएच्या नावावर फसू नका. खूण लिहिणाऱ्या विकराला अडविणाऱ्या एका औषधाच्या माणसांवरील चाचण्या २०२२ साली सुरू झाल्या, त्या कॅन्सरच्या रुग्णांवर. आरएनएवरच्या खुणा दुरुस्त करून कोड किंवा सोरायसिस घालवतो असे सांगून कोणी बाटली विकत असेल, तर तो लबाड आहे. सोरायसिस, कोड यांवर आज ज्या उपचारांनी आराम पडतो ते तज्ज्ञांकडे आहेत. ते धीराने आणि नियमित घ्यावेत.

चौथे, लग्नाच्या बैठकीत कोणी डागावरून मुलीला नाकारीत असेल तर तेथील जाणत्यांनी बोलावे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद संसदेने २०१९ साली कायद्यातून काढून टाकली. कायदा बदलला, आता बैठकीतली भाषा बदलण्याचे काम आपले आहे.

आणि विद्यार्थ्यांना शेवटची विनंती. १९७४ साली सापडलेल्या एका मिथाइल खुणेकडे कोणी लक्ष दिले नाही, कारण ती क्षुल्लक वाटली. जे क्षुल्लक म्हणून बाजूला टाकले जाते त्याकडे पुन्हा पाहण्याची दृष्टी ही विज्ञानाची दृष्टी आहे, आणि आपल्या चळवळीचीही. जीवरसायनशास्त्र, त्वचारोगशास्त्र, जनुकशास्त्र या शाखांकडे आपल्या मुलामुलींनी वळावे. आपल्या वस्तीतील रोग्याचे दुःख ज्याने जवळून पाहिले आहे, तो या प्रश्नांचा शोध अधिक तळमळीने घेईल, असा आमचा विश्वास आहे.



जय भीम! नमो बुद्धाय!